कोंडमाऱ्याची किल्ली

मध्यमवर्गीय घराचा माळा ही एक पाहण्यासारखी जागा असते. तिथे मोडका पाळणा असतो, पितळेचे हंडे असतात, मुलांच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांचे गठ्ठे असतात, हौसेने आणलेली आणि महिन्याभरात टॉवेल वाळत घालण्याच्या कामी आलेली व्यायामाची सायकल असते. गेल्या दहा-बारा वर्षांत या सामानात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. शिवणाच्या डब्याएवढे एक करडे यंत्र, त्याला जोडलेली माणसाच्या उंचीएवढी लवचीक नळी आणि नळीच्या टोकाला सिलिकॉनचा मास्क. याला सीपॅप म्हणतात. चाळीस-पन्नास हजार रुपये मोजून ते घरात येते, चार रात्री उशाशी राहते आणि पाचव्या रात्री खोक्यात जाते.

का गेले, असे विचारले की ठरावीक उत्तरे मिळतात. ‘नाक कोरडं पडतं हो.’ ‘यंत्राचा आवाज होतो, हिला झोप लागत नाही.’ (यंत्राआधीची तीस वर्षे हिला घोरण्याने झोप लागत नव्हती, ते वेगळे.) ‘आता मी चालायला जातो, गरजच वाटत नाही.’ पण ओळख जुनी असली, चहा झाला, घरातली मंडळी आत गेली, की तोच माणूस आवाज खाली आणून सांगतो, ‘खरं सांगू का? ते तोंडावर बांधलं की जीव कोंडतो. भीती वाटते.’

साठी ओलांडलेल्या, घर बांधलेल्या, मुलींची लग्ने केलेल्या पुरुषाला हे वाक्य उच्चारणे फार जड जाते. ऑपरेशनला घाबरणे चालते, मास्कला घाबरणे म्हणजे पोरकटपणा, अशी आपली समजूत. मला हे वाक्य ओळखीचे आहे, कारण मीही त्याच मंडळींतला.

स्लीप ॲप्निया हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा नीट वाचला गेला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये, संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा. मृत्यूचे कारण म्हणून वर्तमानपत्रांनी हेच नाव छापले होते. तोवर घोरणे हा आमच्याकडे लग्नाच्या बिऱ्हाडात सकाळी हसण्याचा विषय होता. कोणाची बैलगाडी चढावर होती, कोणाची गिरणी चालू होती वगैरे. प्रत्यक्षात घडते ते असे. जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात, झोपेत ते सैलावतात. जीभ मागे घसरते, मऊ टाळू खाली लोंबते आणि काही माणसांत श्वासाची वाट अरुंद होत होत पार मिटते. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकतो, माणूस अर्धवट जागा होऊन धाप टाकतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा फारच मंदावला की एक प्रसंग मोजतात. तासाला पाचपर्यंत ठीक, पंधराच्या पुढे मध्यम, तीसच्या पुढे तीव्र. अंगभर तारा लावून केलेल्या तपासणीत माझा आकडा ४१ आला. म्हणजे सरासरीने दर दीड मिनिटाला एकदा.

बायकोला आकड्याचे नवल वाटले नाही. ती डॉक्टरांना म्हणाली, ‘मला माहितीये. यांचा श्वास थांबला की तो परत सुरू होईपर्यंत मी मोजत पडते.’ किती वर्षे, हे डॉक्टरांनी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. मी मात्र घरी येताना रिक्षात तोच हिशेब करत होतो.

हा आजार नुसत्या झोपमोडीवर थांबत नाही. रक्तदाब चढा राहतो, हृदयाचे ठोके चुकतात, पक्षाघाताचा धोका वाढतो, गाडी चालवताना डुलकी लागते. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये (१८३६-३७) उभ्या उभ्या झोपणारा ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. वाचकांनी त्याला शंभराहून अधिक वर्षे हसून घेतले, आणि १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अतिलठ्ठपणा, अपुरा श्वास आणि दिवसा झोप यांच्या एका विकाराला त्या कादंबरीचे नाव दिले. लिहिणाऱ्या माणसाला अशा गोष्टीचे जरा अप्रूप वाटते. डिकन्सने निरीक्षण किती अचूक केले होते!

उपाय मात्र बराच काळ एकच होता आणि तो भयंकर होता: गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट खालूनच काढायची. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांच्याकडे असा एक रुग्ण आला, ज्याला ते छिद्र नको होते. सुलिव्हन यांच्या मनात एक कल्पना होती. नाकावाटे सतत थोड्या दाबाने हवा सोडत राहिलो, तर आतून घशाला हवेचाच टेकू मिळेल. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी लावावी तसला पंखा आणि नाकाच्या मापाचा साचा घेऊन त्यांनी त्या माणसाला झोपवले. पुढल्या वर्षी, १९८१ मध्ये, पाच रुग्णांवरचा त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. सुरुवातीचे ते मास्क चेहऱ्यावर दर रात्री चक्क चिकटवावे लागत. त्या पहिल्या मंडळींना कोंडल्यासारखे वाटत होते का, याची मला फार उत्सुकता आहे. गळ्याला भोक हा पर्याय समोर असताना माणूस कदाचित तक्रार करत नसेल.

आता भीतीकडे येऊ. आपल्या भाषेत तिच्यासाठी शब्दांची काय श्रीमंती आहे! कोंडमारा, घुसमट, गुदमरणे, दम कोंडणे, जीव उबणे, छातीवर दडपण येणे. सासुरवासापासून गर्दीच्या एसटीपर्यंत आपण ते वापरतो. पण हा एक आजार असू शकतो, हे सांगणारा रोजच्या वापरातला शब्द नाही, म्हणून क्लॉस्ट्रोफोबिया म्हणावे लागते. १८७९ मध्ये पॅरिसमधले मनोविकारतज्ज्ञ बेंजामिन बॉल यांनी तो रूढ केला. त्यातल्या ‘क्लॉस्ट्रम’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ अडसर, कडी. मला हे कळले तेव्हा बरे वाटले. कारण या भीतीचा खरा संबंध जागेच्या लांबी-रुंदीशी कमी आणि कडीशी अधिक आहे, हे मला कोणत्याही पुस्तकाच्या आधी बँकेच्या स्ट्राँगरूमने शिकवले होते.

बाहेरच्या माणसाला कल्पना नसते म्हणून सांगतो. तालुक्याच्या गावातल्या आमच्या शाखेची स्ट्राँगरूम म्हणजे खिडकी नसलेली, सगळीकडून काँक्रीटची एक लहान खोली. तिला जाडजूड पोलादी दार, दाराला फिरवायचे चाक, त्याच्या आत पुन्हा गजांचे दार. किल्ल्या दोन. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. सकाळी रोकड काढायला आणि संध्याकाळी ठेवायला दोघांनी मिळून आत जायचे. आत एक पिवळा दिवा आणि जुन्या नोटांचा ओलसर, किंचित आंबूस वास. हेड कॅशियर बंडले मोजत, मी वहीत आकडे पाहत असे, आणि या सगळ्या वेळात माझा एक पाय गजांच्या दाराच्या उंबरठ्यावर असे. कोणाला काही वाटू नये म्हणून मी दाराला टेकून उभे राहण्याची एक ऐटबाज लकब तयार केली होती. तळहाताला घाम येई. वहीवर बोटांचे ठसे उठत.

ही गोष्ट मी कोणाला बोललो नव्हतो. पण आमचे हेड कॅशियर नोटांइतकीच माणसेही पारखत. एके संध्याकाळी बंडलांवरची नजर न काढता ते म्हणाले, ‘साहेब, तुमची किल्ली तुमच्या खिशात, माझी माझ्या खिशात. दोन्ही आतच आहेत. मग बाहेरून कुलूप लावणार कोण?’ एवढे बोलून ते पुढे मोजू लागले. त्यानंतर आत जाताना मी खिशातली किल्ली मुठीत धरू लागलो. खोली तीच, वास तोच, पण पाय उंबरठ्यावरून आत आला. भीती गेली असे म्हणणार नाही, पण तिच्यासकट उभे राहता येऊ लागले.

(किल्ली बाहेर राहिली की काय होते, तेही पुढे वाचनात आले. मार्च २०२२ मध्ये हैदराबादेत ऐंशी ओलांडलेले एक ग्राहक बँकेच्या लॉकरच्या खोलीत रात्रभर अडकले. आत कोणी राहिले आहे का, हे न पाहताच दार बंद झाले होते. सकाळी ते सुखरूप बाहेर आले, पण ती बातमी वाचताना माझ्या हातातला पेपर खरोखर थरथरत होता.)

या भीतीचा अभ्यास करणारे स्टॅन्ली राखमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ च्या सुमारास दाखवून दिले की, ही एक भीती नाही, दोन आहेत. पहिली गुदमरण्याची, म्हणजे हवा संपेल याची. दुसरी जखडले जाण्याची, म्हणजे हलता येणार नाही, सुटता येणार नाही याची. काहींना एक असते, काहींना दुसरी, काही भाग्यवंतांना दोन्ही. मुंबईतल्या फोर्टमधल्या जुन्या इमारतींतल्या जाळीच्या लिफ्टने बिनघोर जाणारा आणि आरशासारख्या पोलादी लिफ्टपुढे जिना शोधणारा माणूस पहिल्या जातीचा. विरार लोकलच्या गर्दीत किंवा देवळाच्या दर्शनबारीत, वर मोकळे आकाश असले तरी, दोन्ही बाजूंच्या लोखंडी नळ्या पाहून ज्याचे काळीज हलते, तो दुसऱ्या जातीचा. सीपॅपचा मास्क या दोघांनाही एकदम गाठतो. नाकातोंडावर आवरण आहे म्हणून पहिली भीती, डोक्यामागून पट्टे आवळले आहेत म्हणून दुसरी. आणि हे अंधारात, आडवे पडून, झोपेच्या उंबरठ्यावर, जिथे माणसाचा स्वतःवरचा ताबा आधीच सुटत चाललेला असतो.

माझी पहिली रात्र साडेतीन मिनिटांची झाली. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा मुलगा संध्याकाळी आला, पट्टे आवळले, बटण दाखवले, पावतीवर सही घेतली आणि पंधरा मिनिटांत गेला. ‘भीती वाटते का’ हा प्रश्न त्याच्या छापील कागदावर नसावा. रात्री दिवा मालवला, हवा सुरू झाली आणि कोणीतरी उशी तोंडावर दाबते आहे असे वाटून मी उठून बसलो. क्लिप सापडेना. मास्क ओढून, पट्ट्यांसकट डोक्यावरून काढला तेव्हा कानाला ओरखडा निघाला.

त्या वेळी हवा कमी पडत होती का? अजिबात नाही. उलट एरवीपेक्षा जास्त मिळत होती. पण गुदमरण्याची घंटा वाजवणारी मेंदूतली यंत्रणा मुख्यतः प्राणवायू मोजत नाही, ती कार्बन डायऑक्साइड मोजते, आणि काही माणसांत ती फार हळवी असते. डोनाल्ड क्लाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९३ मध्ये याला गुदमरण्याची खोटी घंटा म्हटले. ही घंटा किती खोलवर बसवलेली आहे, ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. मेंदूतला भीतीशी निगडित असलेला बदामाच्या आकाराचा भाग आजारात नष्ट झालेली एक अमेरिकन बाई, सापाला न भिणारी, भुताटकीच्या खेळात हसणारी. तिला कार्बन डायऑक्साइडचे मोठे प्रमाण असलेली हवा एकदाच हुंगवली आणि ती भीतीने किंचाळून मास्क ओढू लागली. तेव्हा पोरकटपणाचा मुद्दा इथेच मिटला, असे मला वाटते.

शिवाय घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि हीच लक्षणे गुदमरल्याची म्हणून माणूस आणखी भराभर श्वास घेतो. चक्रवाढ व्याजाचा प्रकार. यातून बाहेर पडण्याची वाट उच्छ्वासात आहे. श्वास सोडायला लागणारा वेळ घ्यायच्या वेळेपेक्षा लांबवायचा. प्राणायाम करणाऱ्यांना रेचक शिकवताना हेच सांगितलेले असते. कुंभकात तर माणूस आपण होऊन श्वास रोखतो आणि तरीही घाबरत नाही, कारण कधी सोडायचा हे त्याच्या हाती असते. पुन्हा किल्लीच.

तपासणी केंद्रातल्या तंत्रज्ञ बाईंकडे मी आठवड्याने गेलो तो मास्क परत करण्याच्या तयारीने. तिशीच्या आतली मुलगी, बोलायला शांत. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘काका, आज आपण मास्क लावायला शिकायचं नाही. काढायला शिकायचं.’ खुर्चीवर बसवून तिने मास्क माझ्या हाती दिला. पट्टे नकोत, यंत्र नको. नुसता तोंडाशी धरायचा, पाच श्वास, काढायचा. मग पट्टे लावून. मग क्लिप उजव्या हाताने काढायची, मग डाव्या, मग डोळे मिटून, मग आडवे पडून. क्लिप चिमटीत धरली की मास्क एका क्षणात सुटतो, नळीही यंत्राजवळ न जाता तोंडाशीच वेगळी होते, हे मला त्या मुलाने सांगितलेच नव्हते. ‘रोज वीस वेळा काढा,’ ती म्हणाली. ‘हाताला इतकं पाठ झालं पाहिजे की डोक्याला विचारावं लागू नये.’

(काही मास्कच्या क्लिपांत चुंबक असतात. लावायला सोप्या, पण पेसमेकर किंवा शरीरात तसले दुसरे काही उपकरण बसवलेल्यांनी असा मास्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बरोबर झोपणाऱ्या माणसालाही हे लागू आहे, हे ध्यानात राहत नाही.)

तिनेच आणखी एक गोष्ट केली. यंत्राचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात, साधारण ४ ते २० पर्यंत. मला ९ सांगितलेला होता. झोप लागेपर्यंत त्रास नको म्हणून यंत्र ४ पासून हळूहळू चढते. वाटायला ही सोय, पण काही माणसांना त्या ४ वर हवा अपुरी वाटते आणि घंटा वाजते. तिने सुरुवात ६ वर आणली आणि माझी निम्मी तक्रार गेली. दाब म्हणजे किती, हे घरी करून पाहण्यासारखे आहे. पेल्यात चार-पाच बोटे पाणी घ्या, शीतपेयाची नळी तळापर्यंत बुडवा आणि फुंकून बुडबुडे काढा. एवढ्याच जोराविरुद्ध आपल्याला श्वास सोडायचा असतो. नातवंडे हा उद्योग उसाच्या रसात तासन् तास करतात.

घरी मी मास्क दुपारी लावू लागलो. आधी यंत्राविना पेपर वाचताना, मग यंत्र लावून क्रिकेट पाहताना, मग दिवसाउजेडी पलंगावर. टप्प्याटप्प्याने भीतीजवळ जाण्याची ही रीत जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकी डॉक्टरांनी १९५८ च्या ग्रंथात पद्धतशीर मांडली. टप्पा सोपा वाटू लागला तरच पुढे जायचे, आणि घाबरून काढायचा नाही, शांत झाल्यावर काढायचा. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. घाबरलेल्या क्षणी काढला की हात शिकतो, ‘काढला म्हणून वाचलो.’ दोन श्वास थांबून काढला की तो शिकतो, ‘मी ठरवले म्हणून काढला.’ धाकट्या नातवाने मला नळीसह पाहिले आणि ‘आजोबा गणपती झाले’ अशी घोषणा करत तो घरभर फिरला. त्याला मोदक मागितला तर पळाला.

माझ्या मनातला मोठा प्रश्न वेगळाच होता. रात्री वीज गेली तर? उभी हयात भारनियमनात काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. मास्कला एक बारीक जाळी असते, तिच्यातून सोडलेला श्वास बाहेर जातो, पण त्यासाठी यंत्राची हवा वाहती लागते. यंत्र थांबले तर? नाकातोंडावर बसणाऱ्या मोठ्या मास्कमध्ये याचसाठी एक झडप असते. हवेचा दाब गेला की ती आपोआप उघडते आणि खोलीतली हवा आत येते. फक्त नाकावरचा मास्क असेल तर तोंड मोकळेच असते. हे सगळे माहितीपत्रकात लिहिलेले होते. पण बँकेच्या माणसाचा माहितीपत्रकावर किती विश्वास असतो, ते बँकेचा माणूसच जाणे. समक्ष पडताळणी हवी.

म्हणून एका रविवारी दुपारी बायको भिंतीवरच्या स्विचपाशी उभी राहिली आणि मी पलंगावर मास्क लावून, क्लिप चिमटीत धरून आडवा झालो. ‘अहो, करू का बंद?’ तिने तीनदा विचारले. मी मान हलवली. खट्. हवेची सळसळ थांबली. छातीत धस्स झाले, आणि त्याच क्षणी मास्कमध्ये टक् असा बारीक आवाज होऊन झडप उघडली. पंख्याखालची साधी, किंचित उबदार हवा आत आली. मी पाच श्वास घेतले. दहा घेतले. बायको स्विचवर बोट ठेवून माझ्याकडे एकटक पाहत होती, आणि पुन्हा मोजत होती. तिच्याकडे स्विच, माझ्याकडे क्लिप. इतक्या वर्षांनी पुन्हा जॉइंट कस्टडी.

हा प्रयोग प्रत्येकाने जागेपणी, सोबत कोणी असताना करून पाहावा असे मी सांगत असतो. माझ्यापुरते म्हणाल तर त्या दुपारनंतर रात्रीची भीती वेगळ्या आकाराची झाली. तरीही पूर्ण रात्र लागायला तीन आठवडे गेले. अधूनमधून सकाळी मास्क गादीखाली सापडे, झोपेत कधी काढला ते कळत नसे. पहिल्या सलग सहा तासांनंतर सकाळी उठलो तेव्हा मला काही विशेष वाटले नाही, बायको मात्र आठ वाजले तरी झोपलेली होती. आमच्या लग्नाला तोवर छत्तीस वर्षे झाली होती आणि मी तिला आठ वाजता झोपलेली प्रथमच पाहत होतो.

त्याच सुमारास, नोव्हेंबर २०२३ मध्ये, उत्तरकाशीचा सिल्क्यारा बोगदा ऐन दिवाळीत कोसळला आणि ४१ कामगार १७ दिवस आत अडकले. संध्याकाळी मास्क लावून बसण्याचा माझा सराव आणि त्या बातम्या एकाच वेळी चालत. त्यांना हवा आणि अन्न नळीतूनच जात होते. आधी चार इंची, मग सहा इंची नळी. ती सहा इंची नळी पोचली आणि घरच्यांशी नीट बोलणे होऊ लागले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांत पडलेला फरक टीव्हीवरही दिसत होता. त्यांच्या हाती किल्ली नव्हती, पण बाहेर कोणीतरी आहे, हे नळीतून ऐकू येत होते. त्यांच्या संकटाशी माझ्या पलंगाची तुलना करणे हास्यास्पद आहे, हे कळत असूनही मी माझी नळी हाताने चाचपत असे.

एक राग मात्र मांडला पाहिजे. आपल्याकडे हे यंत्र मिक्सरसारखे विकले जाते. खोके, हमीपत्र, सही. चेहऱ्याला कोणता मास्क बसेल, मिशी असली तर हवा कुठून निसटेल, रात्री कवळी काढल्यावर गाल बसतात त्याचे काय, चष्मा लावून वाचता येईल का, हे कोणी बघत नाही. नाकपुड्यांशी टेकणाऱ्या दोन मऊ बोंडांचाही मास्क असतो, त्यात चेहरा जवळजवळ मोकळा राहतो आणि जखडल्याची भीती असलेल्यांना तो मानवतो, हे सांगितले जात नाही. उलट तोंडाने श्वास घेणाऱ्याला तो चालत नाही, हेही नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, ज्यांनी रुग्णालयात बायपॅपचा घट्ट मास्क सोसला किंवा आपल्या माणसाला काचेतून त्या मास्कमध्ये शेवटचे पाहिले, त्यांना घरात तसलीच वस्तू पाहून काय वाटत असेल, हा विचार तर कोणाच्या गावी नाही. भीती वाटते म्हटले की झोपेची गोळी सुचवणारे शेजारी मात्र भरपूर भेटतात. काही झोपेच्या गोळ्यांनी आणि दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, त्यामुळे हा सल्ला डॉक्टरांखेरीज कोणाचाही घेऊ नये. आणि सगळे करूनही ज्यांना मास्क सोसतच नाही, त्यांच्यासाठी जबडा पुढे धरणारे दातांचे साधन आहे, कुशीवर झोपणे आहे, वजन उतरवणे आहे, काहींना शस्त्रक्रिया आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत वजन कमी करणाऱ्या एका इंजेक्शनलाही लठ्ठपणासह असलेल्या या आजारासाठी मान्यता मिळाली. कोणाला काय, ते ठरवायला माझ्यापेक्षा शहाणी माणसे आहेत.

यंत्र रोजचा हिशेब ठेवते ही मला आवडलेली गोष्ट. किती तास, किती गळती, तासाला किती प्रसंग. अमेरिकेतल्या सरकारी विमा योजनेची सुरुवातीची अट दहापैकी सात रात्री निदान चार तासांची आहे. मिनिमम बॅलन्सच म्हणायचा. माझ्या खात्यावर सध्या साडेसहा तासांची सरासरी आहे आणि ४१ चा आकडा ३ वर उतरला आहे.

बँकेतला एक जुना सहकारी, नाव लिहीत नाही, गेल्या महिन्यात आला होता. त्याचे यंत्र दोन वर्षे माळ्यावर होते. आम्ही दोघे दुपारभर बसलो. मी त्याला मास्क लावू दिला नाही, आधी वीसदा काढायला लावला. बाराव्या खेपेला तो हसला. हल्ली तो संध्याकाळच्या सातच्या बातम्यांपुरता मास्क लावून बसतो, अजून पलंगापर्यंत गेलेला नाही. चष्म्याची काडी पट्ट्याखाली दुमडते अशी त्याची तक्रार आहे, म्हणून बोंडांचा मास्क मागवला आहे. तो या गुरुवारी येईल.